जुन्या स्पोर्ट्स कारला रॅक अँड पिनियन : दाते सोपे, जागा अवघड

१९६३ ते १९८२ दरम्यानची एखादी दमलेली शेवरोले कॉर्व्हेट चालवायला घेतली, तर पहिली तक्रार बहुधा इंजिनाची नसते, स्टिअरिंगची असते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवा, गाडी ढिम्म. आणखी थोडं फिरवलं की एकदम वळते. एका बाजूचं चाक उंचवट्यावरून गेलं की आपल्याच मर्जीने सरकते, आणि चालकाचे हात सतत बारीकसारीक दुरुस्त्या करत राहतात. मग मित्रमंडळींत कोणी ना कोणी सांगतंच, "तो जुना बॉक्स काढ आणि रॅक टाक."

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. रॅक अँड पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाकाने आडवा दातेरी दांडा सरकवून चाकं वळवणारी रचना, ही खरोखरच साधी यंत्रणा आहे. तिचं यश मात्र तिच्या दात्यांपेक्षा ती चॅसिसवर नेमकी कुठे बसते यावर ठरतं. जागा दहा मिलिमीटरने चुकली, तर नवाकोरा रॅक लावलेली गाडी जुन्या सैल बॉक्सच्या गाडीपेक्षा वाईट चालू शकते. म्हणून या लेखातला मोठा भाग त्या दहा मिलिमीटरचा आहे.

जुन्या डब्यात काय असतं

स्टिअरिंगचा कॉलम खाली उतरतो आणि चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, एका बाजूला बसवलेल्या लोखंडी डब्यात शिरतो. हाच तो 'बॉक्स'. कॉर्व्हेटमधला डबा 'रीसर्क्युलेटिंग बॉल' जातीचा. आत जाड आट्यांचा एक स्क्रू, त्यावर एक नट, आणि दोघांच्या आट्यांमध्ये पोलादी गोळ्यांची रांग. स्क्रू फिरला की गोळ्या आट्यांतून घरंगळत पुढे जातात आणि छोट्या नळीतून परत फिरून सुरुवातीला येतात. नट सरकतो, नटाच्या बाहेरचे दाते एका शाफ्टला थोडंसं फिरवतात, आणि त्या शाफ्टच्या टोकाला लटकलेला पिटमन आर्म डावी-उजवीकडे झुलतो. पिटमन आर्मला आडवा रिले रॉड. त्याचं दुसरं टोक चॅसिसच्या पलीकडच्या बाजूला असलेल्या आयडलर आर्मवर. आणि रिले रॉडपासून दोन्ही चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड.

आता यातले सांधे मोजा. पिटमन आर्मचा एक, आयडलरचे दोन, टाय रॉडचे चार. वर कॉलम आणि बॉक्स यांना जोडणारी रबर-कापडाची चकती. पॉवर स्टिअरिंग असेल तर भरीला रिले रॉडच्या टोकाशी एक कंट्रोल व्हॉल्व्ह आणि रिले रॉड नि चॅसिस यांच्यामध्ये एक हायड्रॉलिक सिलिंडर, दोघांच्या होजांसकट. हे दोघे गळण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. प्रत्येक ठिकाणी केसाएवढा सैलपणा धरला तरी बेरीज स्टिअरिंगच्या कडेला चांगली बोटभर होते.

ऑस्टिन-हीली ३००० किंवा ट्रायम्फ टीआर३ सारख्या ब्रिटिश गाड्यांत डबा वेगळा असतो. तिथे नागमोडी खाच असलेला एक कॅम आणि त्या खाचेत सरकणारी एक खुंटी असते. दुखणं तेच. गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्यामुळे डबा मधोमध झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळपास नवाच राहतो.

रॅकमध्ये हा सगळा पसारा नसतो. कॉलमच्या टोकाला लहानसं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. ते एका आडव्या दातेरी दांड्याला लागलेलं. पिनियन फिरलं की दांडा सरकतो, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांपासून टाय रॉड थेट चाकांकडे जातात. दांड्याच्या पाठीमागे स्प्रिंगने रेटलेली एक गादी असते. ती दांड्याला पिनियनवर दाबून धरते, त्यामुळे दाते थोडे झिजले तरी फट पडत नाही. सांधे चारच, आणि त्यातले आतले दोन रबरी घड्यांच्या बुटात ग्रीससकट झाकलेले.

हा बदल कंपन्यांनीही केला

जॅग्वारने एक्सके१२० ला बॉक्स दिला होता. १९५४ मध्ये आलेल्या एक्सके१४० ला रॅक दिला. ट्रायम्फने तोच बदल टीआर३ वरून १९६१ च्या टीआर४ वर जाताना केला. कॉर्व्हेटला मात्र १९८४ च्या मॉडेलपर्यंत थांबावं लागलं. दुसरीकडे, सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँला १९३६ मध्ये आणि मॉरिस मायनरसारख्या साध्या घरगुती गाडीला १९४८ मध्येच रॅक मिळाला होता.

यावरून बॉक्स म्हणजे मागासलेपणा, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. मर्सिडीझ-बेंझने ई-क्लासला रॅक दिला तो १९९५ मध्ये, आणि तोवर त्या गाड्यांच्या स्टिअरिंगला कोणी नावं ठेवत नव्हतं. बीएमडब्ल्यूच्या ई३९ पिढीच्या ५ सीरिजचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्याच गाडीच्या सहा सिलिंडरच्या आवृत्तीत रॅक होता, आणि व्ही८ इंजिनाच्या आवृत्तीत बॉक्स, कारण रुंद इंजिनाशेजारी रॅकला जागाच उरत नव्हती. बॉक्सचे गुणही आहेत. जड गाडी हलक्या हाताने वळते आणि रस्त्यावरचे धक्के हातापर्यंत फारसे पोचत नाहीत. रॅक हे धक्के प्रामाणिकपणे हातात आणून देतो. काहींना त्यातच गाडी चालवण्याची मजा वाटते, आणि लांबच्या प्रवासात तेच लोक वैतागतात.

आधी खाली झोपून बघा

रॅकचा विचार करण्याआधी तासभर खर्च करावा असं एक काम आहे. इंजिन बंद, गाडी चाकांवर उभी. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं इकडे-तिकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, असं की सांध्याचे दोन्ही भाग एकाच बोटाखाली येतील. सैल सांध्यात एक भाग आधी हलतो आणि दुसरा किंचित उशिराने, टक् करून. बोटाला ते लगेच कळतं. कॉर्व्हेटमध्ये आयडलर आर्म आणि कॉलमची रबरी चकती हे नेहमीचे गुन्हेगार. व्हील बेअरिंग, वरच्या-खालच्या कंट्रोल आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट यांचीही याच वेळी झडती घ्यावी.

बॉक्सच्या झाकणावर लॉकनटसकट एक स्क्रू असतो. तो आवळून प्ले, म्हणजे सैलपणा, घालवण्याचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. बॉक्स मुळातच मधोमध जरा घट्ट लागेल असा बनवलेला असतो, आणि हे अॅडजस्टमेंट चाकं सरळ असतानाच करायचं असतं. जास्त आवळलं तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नाही आणि आतले दाते भराभर झिजतात.

माझं मत सांगतो. रॅक लावल्यावर 'गाडीचा कायापालट झाला' असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना जो फरक जाणवतो, त्यातला मोठा हिस्सा नव्या सांध्यांचा असतो. आठ झिजलेले सांधे जाऊन चार नवे आले की कुठलीही गाडी सुधारेल. तोच पैसा नीट रीबिल्ड केलेला बॉक्स, नवा आयडलर आणि नवे टाय रॉड एंड यांवर घातला, तर अनेकांची हौस तिथेच भागेल. तरीही रॅक हवा असेल, तर पुढचं वाचा.

टाय रॉडचा कंस

गाडीचं पुढचं चाक फक्त वळत नाही, वर-खालीही होतं. वर-खाली होताना ते वरच्या आणि खालच्या अशा दोन कंट्रोल आर्मच्या आधाराने फिरतं. हे आर्म चॅसिसला आतल्या टोकाशी बिजागरीसारखे जोडलेले असतात, म्हणून बाहेरचं टोक सरळ उभ्या रेषेत न जाता कंसात जातं. टाय रॉडचंही तसंच : आतलं टोक रॅकला धरलेलं, बाहेरचं टोक चाकाच्या स्टिअरिंग आर्मला. चाक वर गेलं की टाय रॉडचं बाहेरचं टोकही स्वतःचा कंस काढतं.

कंपासपेटीतले दोन कंपास वेगवेगळ्या अंतरावर उघडून, वेगवेगळ्या जागी टोचून, एकाच बिंदूतून कंस काढून पाहा. बिंदूपाशी दोन्ही रेषा एकत्र, आणि थोडं दूर गेलं की फाकलेल्या. गाडीतही अगदी हेच होतं. कंट्रोल आर्म चाकाला एका कंसावर नेऊ पाहतात, टाय रॉड दुसऱ्या कंसावर. दोघांतलं अंतर कोणाला तरी सोसावं लागतं, आणि ते सोसतं चाक, म्हणजे ते वळतं. चालकाने स्टिअरिंग तसूभरही हलवलेलं नसतं. यालाच बंप स्टिअर म्हणतात.

हे टाळायचं तर टाय रॉडच्या आतल्या सांध्याला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली लांबीची. समोरून पाहिलं असता, वरच्या आणि खालच्या कंट्रोल आर्मच्या आतल्या बिजागऱ्या जोडणारी एक रेषा मनात काढा. टाय रॉडचा आतला सांधा साधारण त्या रेषेवर पडला पाहिजे. दुसरी अट दिशेची. वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा आतल्या बाजूला लांबवत नेल्या तर त्या कुठेतरी एकमेकींना छेदतात. टाय रॉडची रेषाही लांबवली असता त्याच बिंदूकडे जायला हवी. आर्म एकमेकांना समांतर असतील तर टाय रॉडही समांतर हवा.

आता आकडे घालून बघू. समजा टाय रॉड ३०० मिमी लांब आणि स्टिअरिंग आर्म १४० मिमी. रॅक बसवताना आतला सांधा हवा त्यापेक्षा १० मिमी खाली गेला. चाक ५० मिमी वर उचललं गेलं, तर टाय रॉडचं बाहेरचं टोक ५० गुणिले १० भागिले ३००, म्हणजे सुमारे १.७ मिमी बाजूला ढकललं जातं. १४० मिमीच्या आर्मवर हे ०.७ अंशाच्या आसपास होतं. ऐकायला किरकोळ. पण ६५० मिमी व्यासाच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत मोजलं तर हा फरक जवळपास ८ मिमी भरतो. व्हील अलाइनमेंटवाला जो टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला एकमेकांकडे किती कललेली ठेवायची ते माप, थोडक्यात 'टो') सेट करून देतो तो एक-दोन-तीन मिलिमीटरचा असतो. त्याने केलेलं काम पहिल्याच खड्ड्याने पुसून टाकलं आणि वर उलट्या दिशेने काही मिलिमीटर घातले, असा हा प्रकार.

लांबी चुकली तर वेगळा रोग होतो. टाय रॉड ३०० ऐवजी ४०० मिमी लांब पडला, म्हणजे रॅकचे आतले सांधे हवे त्यापेक्षा एकमेकांच्या जवळ आले, तर त्याच ५० मिमीच्या उचलीत सुमारे १ मिमीचा फरक पडतो. पण तो वर जातानाही एकाच दिशेला आणि खाली जातानाही त्याच दिशेला. उंची चुकल्यावर तसं होत नाही. तिथे चाक वर जाताना एका बाजूला वळतं आणि खाली जाताना दुसऱ्या बाजूला. निदानासाठी हा भेद फार कामाचा आहे. मापं कागदावर मांडली आणि तिरकी सरळ रेघ आली, तर रॅक किंवा टाय रॉडचं टोक वर-खाली करा. वाकडी, कमानीसारखी रेघ आली, तर लांबी चुकली आहे आणि नुसत्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून ती सुधारणार नाही.

मोजायचं कसं? स्प्रिंग काढा म्हणजे चाक हाताने वर-खाली करता येईल. स्टिअरिंग सरळ ठेवून घट्ट बांधा. हबवर चाकाऐवजी एक सपाट पाटी लावा, आणि पाटीच्या पुढच्या नि मागच्या कडेला टेकतील असे दोन डायल गेज (बारीक हालचाल मोजणारी घड्याळी मापकं) उभे करा. गाडी रोजच्या उभ्या उंचीला असताना शून्य. मग दर दहा मिलिमीटरला दोन्ही गेज वाचत ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली जा. दोन गेजमधला फरक म्हणजे टो किती बदलला ते. दुपारभराचं काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि किट विकणारे 'बोल्ट ऑन' म्हणतात तेव्हा नेमकं हेच काम गाळलेलं असतं.

मूळ गाडीत कंपनीने रिले रॉडवर टाय रॉडचे सांधे जिथे पाडले होते, ते याच हिशेबाने. दुसऱ्या गाडीतून आणलेल्या रॅकचे सांधे त्या दुसऱ्या गाडीच्या हिशेबाने असतात. म्हणून काही रूपांतरांत टोकांऐवजी मधून टाय रॉड निघणारा रॅक वापरतात आणि मधल्या भागाला आडवा बार जोडून सांधे हवे तिथे आणतात. युक्ती चांगली आहे. मात्र बारवर तिरका जोर आला की तो रॅकच्या दांड्याला पिळायचा प्रयत्न करतो. त्यामुळे बार नि त्याची जोडणी भक्कमच हवी.

डावीकडे फिरवलं, उजवीकडे वळली

हसू येईल, पण हे घडू शकतं. काही गाड्यांत स्टिअरिंग आर्म हबपासून पुढे निघतात, काहींत मागे. सुरुवातीला सांगितलेल्या १९६३ ते १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये मागे. डावीकडे वळताना पुढे निघालेल्या आर्मचं टोक डावीकडे सरकायला हवं, आणि मागे निघालेल्याचं उजवीकडे. म्हणजे पुढे बसण्यासाठी बनलेला रॅक तसाच उचलून अॅक्सलच्या मागे बसवला, तर गाडी उलटी वळेल. पिनियन दांड्याच्या दुसऱ्या अंगाला येईल असा रॅक उलथा करून बसवता आला तर प्रश्न सुटतो. पण मग पिनियनचा शाफ्ट कुठल्या कोनात बाहेर येतो, ते पुन्हा तपासावं लागतं.

रॅक पुढे-मागे किती बसतो यालाही महत्त्व आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे. ही भूमिती म्यूनिकच्या लांकेन्स्पेर्गरने १८१७ मध्ये घोडागाड्यांसाठी मांडली. इंग्लंडमध्ये तिचं पेटंट रुडॉल्फ ॲकरमनने १८१८ मध्ये घेतलं, आणि नाव त्याचंच पडलं. रॅक जुन्या रिले रॉडच्या जागेपासून पुढे किंवा मागे सरकला की वरून पाहताना टाय रॉड तिरके दिसतात आणि दोन चाकांच्या कोनांतलं नातं बदलतं. पार्किंगमध्ये पूर्ण वळवल्यावर टायर किंचाळत, घासत जात असतील तर इथे बघा.

किती फेऱ्या, किती जोर

कॉर्व्हेटच्या स्टिअरिंग आर्मला कंपनीनेच दोन छिद्रं दिली होती. एकात टाय रॉड लावला तर एकूण गुणोत्तर २०.२ ला १ (स्टिअरिंग २०.२ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं), आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३.४ फेऱ्या. दुसऱ्यात लावला तर १७.६ ला १ आणि २.९२ फेऱ्या. नुसतं स्टिअरिंग चपळ करायचं असेल तर हा जवळपास फुकटचा उपाय आहे. फक्त तो केल्यावर टो पुन्हा सेट करावा लागतो.

रॅकचं गुणोत्तर काढायला दोन आकडे पुरतात : पिनियनच्या एका फेरीत रॅक किती सरकतो, आणि स्टिअरिंग आर्म किती लांब आहे. ५० मिमी आणि १४० मिमी असेल तर एका फेरीत चाक साधारण २०.५ अंश वळतं. ३६० ला त्याने भागलं की १७.६ येतं, म्हणजे कॉर्व्हेटच्या चपळ छिद्राइतकंच. ६० मिमीचा रॅक घेतला तर गुणोत्तर १४.७ वर येतं. चालताना मजा, आणि पॉवर नसेल तर गाडी लावताना दंडाची परीक्षा, त्यातून पुढे रुंद टायर असतील तर विचारूच नका.

तिसरा आकडा बरेच जण विसरतात : रॅकची एकूण धाव. १४० मिमीच्या आर्मवर चाक ३५ अंश वळायला रॅक प्रत्येक बाजूला ८० मिमी सरकायला हवा. रॅकची एकूण धाव १३० मिमीच असेल तर चाक जेमतेम २८ अंश वळेल. कॉर्व्हेटच्या ९८ इंची व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराला) ढोबळ हिशेब लावला तर वळणाचं वर्तुळ सुमारे दोन मीटरने मोठं होतं. एका दमात होणारा यू-टर्न तीन दमांत जातो.

मधला शाफ्ट

जुना कॉलम जुन्या डब्याकडे जात होता. रॅकचा पिनियन दुसरीकडेच असतो, तेव्हा मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारा सांधा, घालून शाफ्ट वळवावा लागतो. एकच जॉइंट ३० अंशांत वाकवला तर पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेरीत दोनदा त्याचा वेग मागच्या शाफ्टच्या ०.८७ पटीपर्यंत उतरतो आणि दोनदा १.१५ पटीपर्यंत चढतो. हाताला हे 'मध्येच हलकं, मध्येच जड' असं लागतं, आणि दोष रॅकला दिला जातो. दोन जॉइंट सारख्याच कोनात, त्यांचे काटे एकमेकांशी जुळवून लावले तर एकाचा चढ-उतार दुसरा खोडतो. तीन जॉइंट लागत असतील तर मधल्या शाफ्टला चॅसिसवर आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर तो शाफ्ट फिरायच्याऐवजी हेलपाटतो.

या जोडणीत एक फायदाही दडलेला आहे. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये डबा अगदी पुढे आणि तिथून चालकाच्या छातीपर्यंत एकसंध पोलादी दांडा, अशी रचना सर्रास असे. समोरून धडक बसली की तो भाल्यासारखा मागे येई. कोनात वळलेला, जॉइंट असलेला शाफ्ट तसा सरळ मागे येत नाही. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून धडकेत दबत जाणारा कॉलम दिला. असा कॉलम असेल तर त्याचा दबणारा भाग रूपांतराच्या नादात वेल्ड करून घट्ट करू नये.

शाफ्टवर जॉइंट बसवताना स्क्रूचं टोक शाफ्टवर पाडलेल्या खळीत बसायला हवं, आणि वर लॉकनट. एक्झॉस्टचा पाइप शेजारून जात असेल तर मध्ये उष्णता अडवणारा पत्रा लावा.

पकड

रॅक टाय रॉडना ढकलतो तेवढ्याच जोराने टाय रॉड रॅकला ढकलतात. तो जोर शेवटी ब्रॅकेटवर आणि चॅसिसवर येतो. ब्रॅकेट पातळ पट्टीचं असेल तर आधी ते वाकतं आणि मग चाक वळतं. म्हणजे जो प्ले घालवायला निघालो तोच नव्या रूपात परत. तपासायला सोपं आहे : इंजिन बंद, चाकं जमिनीवर, एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे जोर लावून फिरवायचं आणि दुसऱ्याने रॅकच्या बाहेरच्या कवचाकडे बघायचं. ते डोळ्यांना दिसेल इतकं सरकत असेल तर ब्रॅकेट परत बनवा. क्रॉसमेंबरला, म्हणजे चॅसिसच्या आडव्या पोकळ तुळईला, छिद्र पाडत असाल तर आत नळी वेल्ड करून मगच बोल्ट आवळा, नाहीतर पोकळ पत्रा चेपत जातो आणि बोल्ट सैल पडतो.

अॅक्सलमागे बसणाऱ्या रॅकची दुसरी डोकेदुखी म्हणजे इंजिनाचा ऑइल संप, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं. तो चुकवायला रॅक खाली न्यावासा वाटतो, आणि मग वरचं ते १० मिमीचं गणित पुढे येऊन उभं राहतं. अशा वेळी रॅक हलवण्यापेक्षा संप बदललेला बरा.

पॉवर हवी असेल तर

हायड्रॉलिक रॅकला जुनाच पंप जोडता येतो, पण जड बॉक्ससाठी बनलेला पंप हलक्या रॅकला जास्त तेल ढकलतो आणि स्टिअरिंग अस्वस्थ, नको इतकं हलकं होतं. पंपाचा प्रवाह कमी करणारा व्हॉल्व्ह घालावा लागतो. दुसरा रस्ता साध्या रॅकचा आणि कॉलमला इलेक्ट्रिक मोटर लावण्याचा. अशा मोटारी आधुनिक छोट्या गाड्यांतून मिळतात. सुझुकी सर्व्होमध्ये १९८८ सालीच इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आलं होतं. होज नाहीत, गळती नाही. मात्र मोटरच्या कंट्रोलरला गाडीचा वेग कळत नसेल तर ती सगळ्या वेगांना सारखीच मदत करते. म्हणून मदत कमी-जास्त करायचं बटण किंवा वेगाचा सिग्नल, काहीतरी हवं. जुन्या गाड्यांची इलेक्ट्रिकल यंत्रणा अशक्त असते, तेव्हा अल्टरनेटर आणि वायरिंगचाही विचार करा.

पॉवर असो वा नसो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, बघाच. पूर्वी स्टिअरिंग हलकं राहावं म्हणून पुष्कळ गाड्यांना तो कमी ठेवलेला असे. रॅक लावल्यावर, विशेषतः मदतीच्या मोटरसह, कॅस्टर थोडा वाढवला तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परततं आणि सरळ रस्त्यावर गाडी शांत राहते.

रस्त्यावर काढण्याआधी

गाडी उचलून, चाकं लोंबकळत असताना, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग तेच चाकं पूर्ण वर दाबलेली असताना. होज, ब्रेकची नळी, टायर, बूट, काही कुठे घासतंय का ते दोन्ही स्थितींत बघा. टाय रॉड एंड आट्यांवर पुरेसे खोल गेलेत का, तेही. निदान आट्यांच्या व्यासाइतके तरी आत हवेत. कॅसल नटला कॉटर पिन नवी. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा, आणि जिथे अशा बदलासाठी तपासणीचा दाखला लागतो तिथे तो आधीच घ्या. जुना बॉक्स, रिले रॉड, आयडलर ग्रीस लावून गुंडाळून ठेवा. मूळ भागांशिवाय गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक तेवढंच धरून बसतं.

अलाइनमेंट हा शेवटचा टप्पा, आणि तो हमखास घाईत उरकला जातो. आधी रॅक धावेच्या बरोबर मधोमध आणा, म्हणजे दोन्हीकडे सारख्या फेऱ्या. तिथेच त्याला अडकवून ठेवा आणि मग दोन्ही टाय रॉड सारखे फिरवत टो सेट करा. बऱ्याचदा गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग वाकडं दिसतं, म्हणून ते खेचून काढून एक-दोन दाते सरकवून परत बसवतात. दिसायला सरळ, पण रॅक आत एका बाजूलाच राहिलेला. एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी, आणि मधल्या भागात दात्यांचं गुणोत्तर बदलणारा रॅक असेल तर डावीकडचं नि उजवीकडचं वळण हाताला वेगळं लागतं. स्टिअरिंग वाकडं दिसलं तर एक टाय रॉड जितका आखडता घ्याल तितकाच दुसरा लांबवा. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट आणि शाफ्टचे लॉकनट पुन्हा तपासा, आणि ब्रॅकेटचे बोल्ट हलले असतील तर अलाइनमेंटही परत करून घ्या.